ओरड म्हटलं की ओरडायचं

३१ मे, शनिवार

ओठ फुटला, दात वाचले. पडताना त्या माणसाने हनुवटी वर धरली म्हणून. नाहीतर फरशी आधी दातांना लागली असती.

महिनाअखेरची गर्दी. पगार झालेले. अख्खी टेम्बिसा वस्ती त्या एकाच सुपरमार्केटमध्ये. आम्ही दोघं तेलाच्या मांडणीपाशी होतो — मी आणि बुखोसी. ट्रॉलीत लग्नाचं सामान, म्हणजे बुखोसीने माझ्या घरच्यांना द्यायचं ते. तांदूळ, साखर, पीठ, चहा, साबण. खरं तर मुलीने हे सामान निवडायला जायचं नसतं. आत्या सकाळीच बोलली, "स्वतःचाच बाजार स्वतः करतेस होय गं?" पण बुखोसी तेलाची बाटली चित्र बघून उचलतो. मग तिकडे झिम्बाब्वेत, त्सोलोत्शोला घरी सहा महिने नावं ठेवत बसतील.

तो माणूस पळत आला. मागे दोन गार्ड. एकाने पायात पाय घातला. तो घसरत थेट आमच्या ट्रॉलीच्या चाकांपर्यंत. शर्टातून दोन डबे निघाले, टोमॅटोतल्या मासळीचे. एक डबा अजून गरगरतच होता तेव्हा पहिली लाथ बसली. बरगडीत. पोकळ आवाज येतो. लोक ट्रॉल्या बाजूला घेत होते, थांबत कुणी नव्हतं. एक बाई म्हणाली, "अरे इथे नको, पोरं बघतायत!" इथे नको. एवढंच.

मग मोलेफे आला. गार्डांचा मुख्य. बुखोसी त्याच्याच हाताखाली आहे, आज सुट्टीवर होता. मोलेफेने त्या माणसाचे केस धरून डोकं वर केलं, नाव विचारलं, गाव विचारलं. आणि हसला.

"पाव्हणं! झिम्बाब्वेचा निघाला की! या, तुमचा माणूस तुम्ही घ्या!"

बुखोसीने माझ्याकडे बघितलं नाही. ट्रॉलीची दांडी माझ्या हातात दिली आणि गेला. मटणाच्या काउंटरमागे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, त्याच्या आड. मग ओरडणं. दुकानात गाणं चालू होतं, त्याच्या वरताण.

मी आईस्क्रीमचा फ्रीझर बघत उभी राहिले. आतून बर्फ धरलाय. बर्फ वितळवायचा हीटर गेला असणार. रोज माणसं वाकून त्यात हात घालतात, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तो परत आला. बाह्या ओल्या. "तेल घेतलंस?"

"घेतलं."

१ जून

आत्या म्हणते, आज तोंडात मिठाची गुळणी धरलीयस काय. मी तशी कमीच बोलते. बरगडीचा तो आवाज जात नाही.

३ जून

विचारलं. सरळ. "तू मारतोस त्यांना?"

तो बूट सोडत होता. म्हणाला, "मारतो. पण तू समजतेस तसं नाही."

मोलेफेचा नियम आहे. चोर ज्या देशाचा, मारणारा त्याच देशाचा. मलावीचा चोर मलावीच्या गार्डला, आमचा बुखोसीला. पोलीस नाहीत, काही नाही. मारायचं, सोडायचं. "इथल्या माणसाने परदेशी मारला तर बोभाटा होतो," बुखोसी म्हणाला. "आपणच आपला मारला तर घरगुती मामला."

"आणि तू कबूल झालास."

"अगं ऐक तरी! इथल्या गार्ड पोरांच्या हाती दिला तर लोखंडी पाईप असतो. माझ्या हाती दिला तर माणूस आपल्या पायांनी घरी जातो."

मग त्याने दाखवलं. कोपऱ्यातली मक्याच्या पिठाची मोठी पिशवी उचलून पलंगावर ठेवली. तळहाताची वाटी केली आणि हाणली. गोळी सुटल्यासारखा आवाज! शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. पिशवीला साधा खळगा नाही. मग सपाट हाताने मारलं. आवाज निम्मा, आणि पिठात अख्खा पंजा उमटला. मी बोट घालून बघितलं. तत्त्व बरोबर आहे. वाटीत हवा कोंडते, आवाज वाढतो, जोर पसरतो.

"कानात सांगतो त्याला, आपल्या भाषेत — ओरड. ओरड म्हटलं की ओरडायचं. मोलेफे पडद्याबाहेर उभा असतो. आवाज ऐकून त्याचं पोट भरतं. सगळे खूश."

"माझ्यावर करून दाखव."

"वेडी आहेस? तुझ्यावर उचलला तर हात झडेल माझा!"

हसलो दोघं. पीठ पलंगभर झालं होतं.

विश्वास ठेवला. बराचसा.

७ जून, शनिवार

मुद्दाम एकटी गेले. बुखोसी कामावर होता. खरेदी थोडी — काडेपेट्या, मेणबत्त्या. बघायला गेले होते, हे इथे लिहायला हरकत नाही.

आज बाई सापडली. पाठीवर मूल बांधलेलं, आणि मुलाच्या चादरीत दूध पावडरीचे डबे. इथल्याच दोन गिऱ्हाईक बायकांनी पकडून दिली. एकीने तिच्या डोक्याचं फडकं ओढून काढलं आणि तोंडावर थुंकली. "क्वेरेक्वेरे! आमच्या पोरांचं दूध चोरता!" परदेश्यांना इथे हा शब्द आहे. आपल्याला कोणी म्हटला की कानशील तापतं, दुसऱ्याला म्हटला की माणूस आपली पिशवी घट्ट धरतो. मी धरली.

मूल काढून घेतलं एका गार्डने, बाईला बुखोसीने पडद्याआड नेलं. फटके. किंकाळ्या अशा की काउंटरवरच्या पोरीने बिल करणं थांबवलं.

मी टॅक्सीच्या थांब्यावर वाट बघत राहिले. ती आली. चालत! मूल पाठीवर. तोंडावर माराची खूण नाही, हालचालीत अडखळ नाही. मी आपल्या भाषेत विचारलं, बरी आहेस ना?

तिने आधी मला नीट पारखलं. मग म्हणाली, "त्या गार्डची कोण तू?"

"लग्न ठरलंय."

"मग नशीब काढलंस, पोरी. देवमाणूस आहे. म्हणाला, आई मेल्यासारखी ओरड. माझी आई गेल्याच महिन्यात गेलीय. सोपं गेलं."

आणि चादरीतून एक डबा काढून दाखवला. राहिलाच होता! दोघी हसलो, रस्त्यात उभ्या राहून.

८ जून

आत्याला सांगितलं, लग्नाची तारीख पक्की कळवून टाक घरी. ६ जुलै.

१४ जून, शनिवार

मक्याच्या पिठावर सवलत लावली होती. दार उघडायच्या आधीपासून लोटालोटी. शटर अर्धं वर गेलं आणि माणसं खालून घुसली — पोटावर, एकमेकांच्या पाठीवरून. एका म्हातारीचा हात शटरच्या पट्टीत सापडला. मागचे ढकलतच होते. तिचं मनगट नको तिथे वाकलेलं मी बघितलं. मोलेफे रबरी चाबूक घेऊन आला. पुढच्यांना मारत होता. ढकलत होते मागचे! दाब कुठून येतोय हेच त्याला कळत नव्हतं. आत एक पिशवी दोघींनी ओढली, ती फाटली, तर त्या तशाच पिठात लोळून एकमेकींचे केस उपटत राहिल्या. पांढऱ्या, भुतासारख्या. आणि मी? मी खांद्याने एका माणसाला बाजूला सारलं, पिशवी उचलली, ट्रॉलीत टाकली. तो पडला का ते वळून बघितलं नाही.

संध्याकाळी बुखोसी आला. उजव्या हाताची बोटं सुजलेली.

मी बर्फ दिला. त्याने तो बोटांवर दाबून धरला. मग —

"ओरडलाच नाही गं."

"कोण?"

"म्हातारा. डोक्यावर टोपी, चर्चचा कोट. साखर घेऊन बाहेर पडत होता त्या गर्दीत, पावती नाही. मी सांगितलं त्याला, बाबा, ओरडा. दोनदा सांगितलं. हाताची वाटीच केली होती मी, शपथ! तो नुसता बघत राहिला. मोलेफे आत आला. म्हणाला, काय पाव्हणं, आज आवाज नाही, दमलात काय? दारात उभा राहिला बघत."

"मग?"

"मग काय. ओरडेपर्यंत."

"ओरडला?"

त्याने बर्फ दुसऱ्या हातात घेतला.

१५ जून

आत्या चर्चमधून बातमी घेऊन आली. आपल्याकडचा एक म्हातारा टॅक्सीच्या थांब्यावर पडलेला सापडला. सरकारी दवाखान्यात आहे. कवटीला चीर. "मारणाऱ्याचे हात किडोत!" आत्या म्हणाली. बुखोसी शेजारीच जेवत होता. "किडोत," तो म्हणाला.

१८ जून

गेला. नाव कळलं — झेफानिया म्पोफू, न्कायीचे. गवंडीकाम करत. साखर घेतली होती, पैसे देऊन. बिल करणाऱ्या पोरीला आठवतंय, ती आता सांगते.

आता सांगते!

१९ जून

आमच्यात माणूस परमुलखात पुरत नाहीत, घरी न्यायचा. आत्या ताट घेऊन अंगणाअंगणातून फिरली. बुखोसीने सगळ्यांत जास्त पैसे टाकले. आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाली, "बघ. असा माणूस मिळायला पुण्य लागतं."

मी त्याला बाहेर नेलं. म्हटलं, नोकरी सोड.

"सोडतो. लग्न होऊ दे. हातात काही नसताना तुझ्या बापाच्या दारात उभा राहू?"

"पोलिसांत जा."

"आणि मोलेफे काय सांगेल? झिम्बाब्वेच्याने झिम्बाब्वेचा मारला. खरंच आहे ते! आत मी जाईन. एकटा. तुला तेच हवंय?"

नको होतं. लिहून ठेवते — नको होतं मला ते.

२१ जून, शनिवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येईल.

मीठ आणि आईसाठी चहाची किटली राहिली होती. घेतली, बिल केलं, पावती हातात. बाहेर पडायच्या दारापाशी गार्ड पावती बघून शिक्का मारतात. आज तिथे मोलेफे स्वतः. त्याने पावती घेतली, घडी घातली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"पावती?"

"तुमच्या खिशात आहे."

"ऐकलंत रे? चोर मी!" आजूबाजूचे हसले. माझा हात मागे पिरगळला. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं.

पडद्याआड मी पहिल्यांदाच गेले. रिकामी खोकी, मधोमध गटाराची जाळी, कोल्ड रूमचं दार. कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलंय, घरघर येते. रोज असलीच यंत्रं दुरुस्त करते मी, कान आपोआप तिकडे गेला. बुखोसी तिथेच उभा होता. युनिफॉर्ममध्ये.

मोलेफे म्हणाला, "तुमच्या गावची, पाव्हणं. सगळ्यांना सारखा न्याय, का बायकोला सूट?"

बुखोसी म्हणू शकला असता, ही चोरी करणार नाही. म्हणू शकला असता, हिचं बिल बघा. मी वाट बघितली. तो जवळ आला आणि आपल्या भाषेत कानात म्हणाला, "गुगु, ओरड."

पहिला फटका पाठीवर. वाटीचा. आवाज मोठा, लागलं नाही. त्याने सांगितलं होतं तसंच, तंतोतंत.

मी ओरडणार होते. हे स्पष्ट लिहायला हवं. ठरवून तोंड उघडलं. आवाज आला नाही. व्हॉल्व्ह बंद व्हावा तसा गळा बंद. दुसरा फटका, तोही वाटीचा. "ओरड ना!" मी मान हलवत होते, की येत नाहीये. त्याला तो नकार वाटला असेल.

तिसरी मूठ. गालावर. मग पोटात. मग मी जाळीवर होते, लोखंडाचा वास नाकात, आणि बूट. हाताच्या कोपरावर, पाठीत, पुन्हा त्याच हातावर. त्याचा श्वास ऐकू येत होता. जड सामान उचलताना घेतो तसा श्वास. सारखा. लयीत.

"अरे बस! बस! वेडा झालास का! बायको आहे ती तुझी! गंमत केली मी!"

हे मोलेफे ओरडत होता. त्याने बुखोसीला मागून कवेत धरलं होतं. दोन्ही हातांनी. बुखोसीने त्यातूनही एक लाथ मारली.

थांबवलं मोलेफेने. हे विसरायचं नाही.

नंतर त्याने खिशातून पावती काढली, शिक्का मारला, मिठाच्या पिशवीवर ठेवली. "घ्या, ताई."

म्पोफूंबद्दल लोक म्हणतायत, मानी माणूस, मेला पण ओरडला नाही. मला नाही वाटत. त्यांनाही ओरडायचं असेल.

२२ जून

आत्याने गरम पाण्याने शेकलं. हात मोडलेला नाही, मुरगळलाय. ती रडत होती आणि मलाच रागावत होती. "त्या पाईपवाल्यांच्या हाती दिलं असतं तुला तर? वाचवलं त्याने! कळतंय का?"

शक्य आहे.

बुखोसी दुपारी आला. दूध, गोळ्या, संत्री. उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला. "तू ओरडली का नाहीस? सगळं सांगितलं होतं मी तुला! सगळं! दुसऱ्या कुणाला इतकं सांगितलंय का मी?" हुंदके देत होता.

मी त्याला पाणी दिलं.

२५ जून

कामावर गेले. एका खाटकाची कोल्ड रूम. दार आतून लावून घेतलं आणि ओरडून बघितलं.

आला आवाज. टांगलेल्या बोकडांच्या मधून घुमला. बाहेर कुणाला ऐकू गेला नाही.

२८ जून, शनिवार

सामान गाडीवर चढलं. मालायिचा — सीमेपलीकडे सामान नेणारा — पाठीमागे ट्रेलर लावून आला. एवढा ढीग बघून म्हणाला, "मुलगी नेताय की गाव नेताय?" आत्या त्याला म्हणाली, "आमची मुलगी इंजिनं दुरुस्त करते रे! गाव काय, तुझी गाडीसुद्धा द्यावी लागेल!" सगळे हसले. गाल दुखला, म्हणजे मीही हसले.

बुखोसीने दोर आवळले. गाठी चांगल्या मारतो. त्याला आता मोलेफेच्या खालोखालचं पद मिळालंय, सोमवारपासून. नोकरी सोडण्याचं बोलला नाही. मोलेफेने आमच्यासाठी ब्लँकेट पाठवलंय, वाघाच्या चित्राचं. "मनाने वाईट नाही तो," बुखोसी म्हणाला. "त्या दिवशी त्यालाच जास्त लागलं बघ."

जखम जांभळ्याची पिवळी झाली. आत्याने पावडर आणून दिली, माझ्या रंगाची.

मी फार काही विचार करत नाही. बॅग भरली.

५ जुलै, त्सोलोत्शो

घर. गार वारा, धूर, कोंबड्या. सामान आईच्या खोलीत उतरवलंय. आई प्रत्येक पोत्यावरून हात फिरवते. धाकट्या बहिणींनी साबण उघडून हुंगला, मार खाल्ला — आईच्या हातचा, चपलेचा, लटका. त्या ओरडत अंगणभर पळाल्या. मी भिंतीला धरून उभी राहिले तोवर.

आईने कंदिलापाशी माझी हनुवटी वर केली. "गालाला काय?"

"ट्रॉली लागली. दुकानात."

"मोठ्या दुकानांत जपून चालावं, बाळा."

उद्या पहाटे बुखोसीचे लोक फाटकाशी येतील. बाबांनी गोठा झाडून घेतलाय. त्यांना इतकं बोलताना मी कधी बघितलं नाही.

६ जुलै

रिवाजाप्रमाणे मला शेवटी आत बोलावलं. खोली माणसांनी भरलेली. त्याचे चुलते, मध्यस्थ खाली चटईवर, टोप्या काढून. मधोमध सामान रचलेलं. मी गुडघ्यांवर बसले. मोठ्या काकांनी विचारलं, "पोरी, या लोकांना तू ओळखतेस का? तू ओळखत असशील, तरच आम्ही त्यांचं काही घेऊ." आत्या दारात होती, आनंदाची आरोळी द्यायला तोंडाशी हात नेलेला.

मी म्हटलं, "नाही."